सीलबंद पाकीट, नग एक

बालाघाटातून बैहरच्या रस्त्याला लागलं की घरं विरळ होत जातात, आणि घाट चढायच्या आधी, सागवानाची पहिली रांग दिसते तिथं विद्यापीठाचं फाटक आहे. आत प्रशासकीय इमारत. इमारतीच्या व्हरांड्यात डाव्या हाताला एक खिडकी, आणि खिडकीमागे ज्योत्स्नाबाई उके. एकोणतीस वर्षं झाली. त्या रुजू झाल्या तेव्हा हे साधं कॉलेज होतं. पुढं विद्यापीठ झालं, इमारतीवर मजले चढले, साहेब आले आणि गेले, टाइपरायटर भंगारात जाऊन कॉम्प्युटर बसले. आवक-जावकच्या खिडकीत बाई मात्र त्याच.

आवक-जावक म्हणजे कचेरीचं दार. बाहेरून आलेला वा आतून निघालेला प्रत्येक कागद या खिडकीतून जातो. त्याला नंबर मिळतो, तारीख मिळते, कोणाचा, कोणाला, विषय काय, हे रजिस्टरात चढतं आणि मगच तो कागद जिवंत होतो. नंबर नसलेल्या कागदाला कचेरीत कोणी ओळख देत नाही.

ही नोंदीची भक्ती ज्योत्स्नाबाईंना घरून मिळालेली. वडील महागू हे कटंगीकडच्या एका खेड्यात कोटवार, म्हणजे गावचे सरकारी राखणदार, होते. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, त्याची वही त्यांच्याकडे. अक्षर वाटाण्याएवढं मोठं, पण खाडाखोड नाही. पोरगी शेजारी बसून पाहायची. महागू म्हणायचे, "ज्याची नोंद नाही तो सरकारले दिसत नाही, पोरी." पोरीनं ते मनात गाठ मारून ठेवलं.

ज्योत्स्नाबाई खिडकीत बसल्या तेव्हा कागद गायब करणं ही कचेरीतली एक कलाच होती. परसवाड्याकडचा एक बाप लेकीच्या दाखल्यासाठी तीनदा आला, आणि तीनदा त्याला सांगितलं गेलं की अर्ज पोचलाच नाही. तिसऱ्या वेळी तो खिडकीबाहेर जमिनीवरच बसला. रडला नाही, भांडला नाही, नुसता बसला. दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाबाईंनी सुतार बोलावून खिडकीला बाहेरून फळी ठोकून घेतली आणि रजिस्टर उलटं फिरवून त्या फळीवर उघडं ठेवलं. ज्याला पाहायचं त्यानं पाहावं, आपला कागद आला की नाही, गेला तर कोणाच्या टेबलावर गेला. साहेब चिडले. बाई म्हणाल्या, "लपवण्यासारखं काय हाये सर?" फळी राहिली. त्या दिवसापासून कागद हरवणं बंद झालं. पार मलाजखंडपर्यंतचे पालक सांगत, त्या खिडकीत अर्ज दिला की झोप लागते.

ही त्यांची मोठी पुण्याई. आणि चूक घडली ती याच पुण्याईतून.

रजिस्टर उघडं, म्हणजे सगळ्यांनाच उघडं. रोज अकराला भोजराज बोपचे हा चपराशी चहाची किटली घेऊन खिडकीशी यायचा, फळीला रेलून सकाळच्या नोंदी मोठ्यानं वाचायचा. "ऐका हो, ठळक बातम्या! लेखा शाखेतल्या साहेबाच्या खुर्चीचा पाय मोडला. वसतिगृहाचे मच्छर वाढले. पटले बाबूले पुन्हा पोरीच्या सोयरिकीसाठी दोन दिवस पाहिजेत, म्हणजे मागची मोडली." सगळे हसायचे, पटले बाबूही हसायचे. कचेरीचा दिवस असा सुरू व्हायचा, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

चार वर्षांमागे ग्रंथालयातल्या मंजुषानं रजेचा अर्ज दिला. विषयात तिनं खरं ते लिहिलं होतं: मानसिक अस्वस्थतेवर उपचार. ज्योत्स्नाबाईंनी अर्जाला नंबर दिला आणि विषय जसाच्या तसा उतरवला, सुंदर अक्षरात. अकराला भोजराजनं तो वाचला. त्या दिवशी कोणी हसलं नाही, आणि ते हसण्याहून वाईट होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन मजल्यांना ठाऊक झालं. मंजुषा ग्रंथालयातून बाहेर आली की बोलणं थांबायचं. कोणी तिच्या हातात किल्ल्या द्यायला कचरायचं, कोणी उगाच हळू आवाजात बोलायचं, तान्ह्या बाळाशी बोलतात तसं. सहा महिन्यांत ती नोकरी सोडून मलाजखंडला गेली, तिथल्या एका शाळेच्या ग्रंथालयात लागली.

ज्योत्स्नाबाईंनी कोणाचं वाईट केलं नव्हतं. जे होतं तेच लिहिलं होतं. तरी त्या पानाशी रजिस्टर उघडलं गेलं की त्या पान झटकन उलटत.

यंदा फेब्रुवारीत वरून पत्र आलं की कर्मचाऱ्यांचा तणाव दूर करावा. तणाव दूर करायला एक दिवस ठरला, सभागृहात सतरंज्या पडल्या, जबलपूरहून एक तरुण प्रशिक्षक आले. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावलं, मग हात वर करून हसायला लावलं. शेवटी एकेक छापील कागद वाटला. वर नाव, पद, शाखा. खाली हिंदीत एकच प्रश्न: क्या आप तनाव में हैं? हाँ किंवा नहीं. कागद भरून आपापल्या शाखाप्रमुखामार्फत द्यायचा.

"दीदी, तुमी काय लिवलं?" भोजराजनं विचारलं.

"नहीं."

"म्या तं दोनदा नहीं लिवलं. एकदा माह्यं, एकदा घरवालीचं."

ते सगळे कागद आवक-जावकला आले. त्रेसष्ट माणसं, त्रेसष्ट 'नहीं'. अशी सुखी कचेरी साऱ्या मध्यप्रदेशात सापडायची नाही. ज्योत्स्नाबाईंनी एकेकाला नंबर दिला. ड्रॉवरात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि त्यांनीही 'नहीं'च लिहिलं होतं. ज्या साहेबाच्या हातात आपली बढती, त्याच्याच हातात आपलं दुखणं कोण देईल?

त्रेसष्टांत एक कागद परीक्षा विभागातल्या घनश्याम टेंभरेचा होता. 'नहीं' इतक्या जोरात लिहिलेलं, की कागद फाटला होता.

घनश्याम अडतीस वर्षांचा, कटंगीकडच्याच शेतकरी घरातला; घरी बायको अंजू. शांत, नेटका. परीक्षा विभागात तीन टेबलं होती. एक बाबू निवृत्त झाला, एक बदलून गेला, आणि ती दोन्ही टेबलं हळूहळू घनश्यामच्या टेबलावर येऊन बसली. गुणपत्रिकांच्या दुरुस्त्या, पोर्टलचे घोळ, दिवसभर फोन, दाराशी ओरडणारी पोरं, सगळं त्याच्याकडे. तो कधी आवाज चढवायचा नाही.

लोक त्याचं तोंड पाहायचे, ज्योत्स्नाबाई त्याचे कागद पाहायच्या. खिडकीत बसून माणूस कागदावरून ओळखायची त्यांना सवय झाली होती. घनश्यामचं पत्र म्हणजे समास सारखा, सही सरळ. डिसेंबरपासून सही खाली घसरू लागली. मग एकच पत्र दोनदा आलं. मग एका पत्रावर कॉलेजचं नावच नाही. बाईंनी पत्र परत पाठवलं की तो स्वतः यायचा, "चुकलं दीदी" म्हणून दुरुस्त करून द्यायचा, आणि संध्याकाळी त्याच्याकडून तसंच दुसरं यायचं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी तो खिडकीशी आला.

"दीदी, एक अर्ज होता."

"दे नं."

त्यानं कागद पुढं केला, पण बोटं सोडली नाहीत. उलटा कागद वाचायची बाईंची जुनी सवय; विषय त्यांनी वाचला. मानसिक उपचाराकरिता पंचवीस दिवसांची रजा. घनश्यामची नजर फळीवरच्या उघड्या रजिस्टरावर होती. मागं दोन विद्यार्थी उभे होते, आणि भोजराज रिकामी किटली घेऊन रेंगाळत होता.

"राहू द्या दीदी."

"काहून?"

"याले नंबर नोका देऊ." त्यानं कागदाची चौघडी केली, खिशात घातली आणि निघाला.

ज्योत्स्नाबाई उठल्या. व्हरांड्याच्या टोकाला पाण्याची टाकी आहे, तिथं त्यांनी त्याला गाठलं.

"जेवला का?"

"हौ."

"खोटं नोको बोलू. तुह्या डब्बा मले खिडकीतून दिसते. जसा येते तसा जाते."

तो टाकीच्या कडेला बसला. मग हळू आवाजात, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल सांगतो आहे अशा तऱ्हेनं, बोलू लागला. "दोन महिने झाले. डोळा लागला का फोन वाजते. फोन बंद असते तरी वाजते. अंजू म्हणते, वाजलाच नाही." थांबून म्हणाला, "पुलावर गाडी थांबते, दीदी."

"कोणत्या पुलावर?"

"वैनगंगेच्या. घरी जाताना. मी नाही थांबवत, थांबते. मंग मागून ट्रकवाला हॉर्न मारते, मंग निघतो."

ज्योत्स्नाबाई जवळ सरकल्या. "अंजूले सांगितलं?"

"नाही. जिल्हा दवाखान्यात मनकक्ष हाये, मनाच्या दुखण्याचा, तिथी गेलतो एक डाव. दीप्ती म्यॅडम म्हणून डॉक्टरीण हाये, चांगली हाये. म्हणते गोळ्या चालू करा, दर दोन दिवसांनी या, आन कामापासून महिनाभर दूर राहा. पण रजा मांगाची तं कारण लिवा लागते. कारण लिवलं तं..." त्यानं हनुवटीनं खिडकीकडे दाखवलं. "मंजुषा म्यॅडमचं पाह्यलं नं मी."

ज्या खिडकीचं नाव साऱ्या जिल्ह्यात, तिच्यासमोर एक माणूस आपला जीव खिशात घडी करून परत न्यायला निघाला होता.

"गाडी आज इथंच राहू दे," त्या म्हणाल्या. "मी येते तुह्यासोबत."

त्या दिवशी आवक-जावकची खिडकी पाचच्या आधी बंद झाली. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. भोजराजनं तीनदा येऊन कुलूप पाहिलं. दोघं बसनं नदीपल्याड घनश्यामच्या घरी गेले. अंजू अंगणात वाळवण काढत होती. घनश्यामला बोलता येईना, म्हणून बाईंनीच सांगितलं, साध्या शब्दांत, पुलासकट. अंजूनं सगळं ऐकलं, आणि एकदम पदर तोंडाला लावून रडता रडता हसली.

"मी झुरून राह्यली वो बाई, का यांची दुसरी कोणी बाई हाये का काय! जेवत नाही, बोलत नाही, फोन घेऊन बसते." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "एवढंच होतं तं सांगता नाही आलं तुमाले?"

"एवढंच नाही, अंजू," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "लहान नाही हे. याले एकट्याले पुलावर नोको जाऊ देजो."

"पुलावर काय, आता संडासालेही एकटे नाही जाऊ देत," अंजू म्हणाली, आणि घनश्याम दोन महिन्यांत पहिल्यांदा हसला. मग भिंतीला टेकून लेकरासारखा रडला.

परतीच्या बसची वाट पाहत उभं असताना बाईंनी मलाजखंडला फोन लावला. चार वर्षांत लावला नव्हता.

"मंजुषा, मी ज्योत्स्ना उके."

पलीकडून आवाज आला, "बोला दीदी. कोणता कागद राह्यला माझा?"

"कागद नाही, माफी राह्यली."

मंजुषा लगेच विरघळली नाही. म्हणाली, "तुमी काय चुकीचं लिवलं होतं? जे होतं तेच लिवलं."

"तेच चुकलं."

बस येऊन निघून गेली. बाई फोन धरून उभ्या राहिल्या. त्यांनी नाव न घेता एवढंच सांगितलं की आज आणखी एक जण तसाच अर्ज घेऊन आला होता आणि परत घेऊन गेला. मंजुषा म्हणाली, "दीदी, त्या वेळी कोणी एकानं मले विचारलं असतं नं, का बाई, कशी हायेस, तं चाललं असतं. विचारलं कोणीच नाही. वाचलं साऱ्यांनी."

ज्योत्स्नाबाईंसमोर आता पेच असा होता. नंबर न देता अर्ज साहेबांकडे नेला तर उद्या साहेब म्हणतील, असा अर्ज आलाच नाही. घनश्याम न सांगता गैरहजर ठरेल, नोटीस निघेल. नंबर दिला तर विषय लिहावा लागेल, आणि अकराला किटली येईल. एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही खोटा विषय लिहिला नव्हता. 'घरगुती कारण' लिहून मोकळं होता आलं असतं, कचेरीत अर्धे अर्ज तसेच असतात. पण महागू कोटवाराच्या लेकीचा हात खोट्या नोंदीला उठेना. आणि रजेचं कारण घरगुती लिहिलं, की साहेब तिसऱ्या दिवशी फोन करून परत बोलावतात, हेही त्यांना ठाऊक होतं.

उत्तर त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच दिसलं. पुरवणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आले होते. तपकिरी कापडात शिवलेले, जागोजाग लाखेचे लाल शिक्के. बाईंनी सवयीनं नोंद केली, "सीलबंद पाकीट, नग चार," आणि विषयाचा रकाना सवयीनंच कोरा सोडला. मग हातातलं पेन थांबलं. एकोणतीस वर्षं हा रकाना त्या कोरा सोडत होत्या आणि कोणी विचारलं नव्हतं. कुलगुरूंनाही विचारायचा हक्क नव्हता. तीन तासांच्या पेपरचं गुपित, त्याला लाख, शिक्का, दोन कुलपं, दारावर शिपाई. आणि माणसाच्या मनाचा कागद फळीवर उघडा.

कपाटात कार्यालय-पद्धतीची जुनी पुस्तिका होती, पानं पिवळी पडलेली. त्यांनी ती उघडून नियम बोटानं वाचला. पाठवणाऱ्यानं पाकिटावर 'गोपनीय' लिहिलं असेल, तर ते न उघडता नोंदवावं, ज्याच्या नावे आहे त्याच्याच हाती द्यावं, आणि त्याचं उत्तरही तसंच बंद पाकिटातून जावं. गोपनीय म्हणजे फक्त प्रश्नपत्रिका, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. नियम कायमचा तिथंच होता. माणसांसाठी तो कोणी वापरला नव्हता, एवढंच.

घनश्याम अंजूसोबत आला होता. बाईंनी त्याला खोलीत आत बोलावून पाकीट दिलं. "अर्ज यात घाल. वर आपल्या हातानं गोपनीय लिव. लाख मी लावते."

मेणबत्तीवर लाखेची कांडी वितळली. बैहरकडच्या जंगलात पळसावर, कुसुमावर ही लाख पिकते; ज्योत्स्नाबाईंनी जन्मभर ती पेपरांसाठी वापरली. पाकिटावर थेंब पडला, पितळी शिक्का दाबला गेला. मग त्यांनी बाहेर फळीवरच्या रजिस्टरात, सगळ्यांना दिसेल असं, लिहिलं: क्रमांक, तारीख, परीक्षा विभाग, कुलसचिवांस. सीलबंद पाकीट, नग एक. विषयाचा रकाना कोरा. नोंद पुरी होती, आणि खरी होती.

भोजराज किटलीसह हजर होताच. "दीदी, हे काय? पेपर तं सकाळीच आले नं?"

"ही पुरवणी हाये."

"कोणाची?"

"तुही. चहा ठेव आन जाय."

पाकीट घेऊन बाई स्वतः पहिल्या मजल्यावर गेल्या. कुलसचिव चंद्रशेखर सर सागरकडचे, दोन वर्षांपूर्वी आलेले, हिंदीच बोलायचे. माणूस वाईट नव्हता, पण घाईत असायचा. बाई त्यांच्याशी हिंदीतच बोलत, फक्त राग आला की मराठीवर घसरत.

"मैडम, आप खुद? भोजराज कहाँ है?"

"गोपनीय है सर. हाथोंहाथ देना पड़ता है."

सरांनी शिक्का फोडला, अर्ज वाचला, कपाळाला आठी पडली. "टेंभरे? पच्चीस दिन? पंद्रह तारीख़ को रिज़ल्ट लगाना है, मैडम. हो ही नहीं सकता." त्यांनी पेन उचललं आणि अर्जाच्या कोपऱ्यात लिहू लागले: स्थापना शाखा, परीक्षण करें. म्हणजे तो कागद आता उघडा पाच टेबलांवर फिरणार.

ज्योत्स्नाबाईंनी अर्जावर हात ठेवला. साहेबाच्या टेबलावरच्या कागदावर एकोणतीस वर्षांत त्यांनी बोट ठेवलं नव्हतं.

"पाच टेबलांवर जाचा होता तं पाकीट कायले केलं, सर?" त्या मराठीवर घसरल्या होत्या.

सरांनी वर पाहिलं. "नियम से चलूँ या आपके हिसाब से?"

"नियमानं." बाईंनी पुस्तिका पुढं केली. पान दाखवायला त्यात बसचं तिकीट घातलं होतं. सरांनी वाचलं, दोनदा वाचलं. मग पुस्तिका बाजूला सारली. "चलिए, ठीक. मगर रिज़ल्ट? टेंभरे नहीं होगा तो कौन लगाएगा?"

ही गोष्ट खरी होती, आणि नियमाच्या पुस्तकात तिचं उत्तर नव्हतं. ते उत्तर बाईंनी काखेत आणलं होतं. त्यांनी जावक रजिस्टर टेबलावर उघडलं.

"टेंभरे हैं, तो भी कहाँ लग रहा है सर? देखिए. महिनाभरात परीक्षा विभागानं एक्केचाळीस पत्रं धाडली. त्यातली सतरा, आधीच्या पत्राची चूक दुरुस्त कराले. हे एकाच कॉलेजले तीन डाव गेलं. आन हे पाहा." त्यांनी पत्राची ठेवलेली प्रत काढली. "याच्यावरची तारीख."

सर चष्मा सावरून वाकले. "तीस फरवरी?"

"हौ सर. खाली टेंभरेची सही हाये. त्याच्या खाली तुमची सही हाये. आन वर नंबर माझा हाये. तिघांनी पाह्यलं, आन तिघांले नाही दिसलं."

सर त्या तारखेकडे पाहत राहिले. रागवायची ती वेळ होती, पण रागवायला जागा कुठं होती? त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. ते डोळेही झोपलेले नव्हते, हे बाईंना तेव्हा दिसलं.

"परीक्षा में आदमी कितने हैं?"

"तीन टेबल, सर. माणूस एक."

"मुझे किसी ने बताया नहीं."

"सांगितलं सर. तीन पत्रं हायेत. नंबर सांगू?"

"रहने दीजिए," सर म्हणाले, आणि जरासं हसले. आधी लिहिलेली ओळ त्यांनी खोडली. रजा मंजूर केली. दुसऱ्या शाखांतून दोन माणसं पंचवीस दिवसांसाठी परीक्षा विभागात बसवायचा वेगळा आदेश हातानं लिहिला; त्यात घनश्यामचं कारण नव्हतं, फक्त कामाचा भार होता. मग अर्ज पाकिटात घालून त्यांनी ते पाकीट बाईंकडे सरकवलं. "सील आप लगा दीजिए."

पुढचे पंचवीस दिवस कचेरीनं त्या कोऱ्या रकान्यावर डोकं फोडलं. कोणी म्हणालं, चौकशी बसली. कोणी म्हणालं, टेंभरेला बाहेर मोठी नोकरी लागली. भोजराजचं म्हणणं, टेंभरेला तुमसरकडे एका वाड्याखाली गुप्तधन सापडलं आहे. रोज तो खिडकीशी येऊन विचारायचा, "दीदी, पाकिटात होतं काय?" आणि रोज ज्योत्स्नाबाई म्हणायच्या, "कागद."

घनश्याम एक दिवसाआड मनकक्षात जात होता. पूल ओलांडताना अंजू मागं बसलेली असायची, खांद्यावर हात ठेवून. पहिले दहा दिवस काही फरक नाही, उलट गोळ्यांनी जड वाटे. अंजू फोन करून बाईंना सांगायची, आणि बाई म्हणायच्या, "धान कापून लगेच भात होते का? थांब." दीप्ती डॉक्टर त्याच्याशी तासभर बोलायच्या, फोनबद्दल, पुलाबद्दल, बापाबद्दल. विसाव्या दिवशी तो सकाळी सातपर्यंत झोपला. अंजू उशापाशी बसून राहिली, उठवलं नाही.

निकाल पंधराला लागला नाही. नऊ दिवस उशीर झाला. पोरांनी दोन दिवस फाटकावर घोषणा दिल्या, पेपरात बातमी आली, सरांना वरून फोन आला. सरांनी तो घेतला. दहाव्या दिवशी पोरं गुणपत्रिका घेऊन घरी गेली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घनश्याम हजर झाला, अकराच्या सुमाराला. व्हरांड्यात चहा सुरू होता, मोहाचा वास वाऱ्यावर येत होता. भोजराजनं त्याला पाहून किटली उंच केली.

"या या साहेब! कोठी गेलते? आमी तं समजलो, मुंबईले हिरो बनाले गेले!"

चार-सहा जण हसले, आणि सगळ्यांचे कान टवकारले. घनश्यामनं खिडकीकडे पाहिलं. ज्योत्स्नाबाईंनी मान खाली घातली आणि शिक्के मारत राहिल्या. कागद त्याचा होता. उघडायचा की नाही, हे त्यानं ठरवायचं होतं.

"दवाखान्यात होतो," घनश्याम म्हणाला. "मनकक्षात. झोप येत नव्हती, डोकं चालत नव्हतं, जीव नको झालता. इलाज घेतला. अजून गोळ्या चालू हायेत."

एक जण हसायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. पटले बाबूंनी कप खाली ठेवला, पुढं होऊन घनश्यामच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या शाखेकडे निघून गेले. मग एकेक जण गेला. भोजराज तेवढा राहिला. साऱ्या जगाला उत्तर देणारा माणूस, पण किटलीचं झाकण उघडत आणि लावत उभा होता.

"घनश्याम भाऊ," तो शेवटी म्हणाला. आवाज वेगळाच होता. "तिथी नंबर लवकर लागते का?"

खिडकीतले शिक्के थांबले. ज्योत्स्नाबाईंना एकदम आठवलं नाही, भोजराज स्वतःबद्दल शेवटचं कधी काही बोलला होता. कोणाच्या सोयरिकी, कोणाच्या खुर्च्या, कोणाचे मच्छर, सगळं तो सांगायचा. त्या 'नहीं'खेरीज त्याचा स्वतःचा एकही कागद इतक्या वर्षांत खिडकीत आला नव्हता.

घनश्याम हसला नाही. "नऊले गेलं तं लागते. उद्या मले जाचंच हाये. सोबत चाल."

"उद्या?" भोजराजनं खिडकीकडे पाहिलं, मग किटलीकडे. "पण दीदी, उद्याचा चहा..."

"मी करीन," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "तू जाय."